मान खाली, हात वर

अभ्यासक्रमातून परीक्षा काढून टाका, असं सांगणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं, असं तीस वर्षं शाळेत घासल्यावर माझं पक्कं मत झालं आहे. त्यामुळे विहान करंदीकर माझ्यासमोर बसून म्हणाला की, बाई, नव्या तुकडीच्या नागरिकशास्त्रालाही मार्क नकोत, बरोबर-चूक नको, नुसते पेचाचे प्रसंग घाला आणि त्यातले निम्मे तरी पाण्याचे असू द्या, तेव्हा माझे कान टवकारले. पाण्याचेच का, असं मी विचारलं. येणारे लोक जास्त आहेत आणि पाणी कमी आहे, त्यांनी त्याचा विचार करायला शिकावं, असं तो म्हणाला. उत्तर अगदी सरळ होतं, आणि सरळ उत्तरांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

मी मनाली खवणेकर. वाळवणे नावाचं आमचं गाव खाडीच्या तोंडाशी होतं, ते समुद्राने हळूहळू खाल्लं. आधी माड गेले, मग देवळापुढचा दीपस्तंभ, मग शाळेची आमची एक खोली. त्या शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेला विषय, मार्क थोडे, आणि तोही फेब्रुवारी संपताना घाईघाईने उरकायचा. मी मात्र तो जीव तोडून शिकवायचे. ‘वैयक्तिक हितापेक्षा सार्वजनिक हित श्रेष्ठ’ हे वाक्य माझ्या वर्गातून पाठ न होता कोणी बाहेर पडलं नाही.

गाव गेल्यावर काही लोक शहरात पांगले. उरलेल्यांना विहान भेटला. पुण्याचा इंजिनीअर, हुशार, बोलायला गोड. त्याने काँक्रीटचे मोठाले पोकळ ठोकळे एकमेकांना साखळदंडांनी जोडले, आणि कोणत्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या, भर समुद्रातल्या एका उथळ जागेवर नांगरून ठेवले. तोच आमचा देश. अधिकृत नाव ‘स्वतंत्र वाळवणे’. जगातल्या एकाही देशाने आम्हाला मान्यता दिलेली नाही. आम्ही मात्र मोठ्या मनाने सगळ्यांना देऊन टाकली आहे. वीज उन्हाची आणि लाटांची, पोटाला मासे आणि ठोकळ्यांवर पिकवलेली भाजी. गोडं पाणी मात्र समुद्राचं खारं पाणी गाळून करावं लागतं, आणि ते कधीच पुरेसं नसतं.

आता सावल्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय आमच्या देशात पानही हलत नाही.

विहानचं म्हणणं असं होतं की, इतर देशांत माणसाला चार-पाच वर्षांतून एकदा विचारतात, आणि तेही कोण हवा ते विचारतात, काय हवं ते नाही. बरं, रोज सगळ्यांना सगळं विचारायचं ठरवलं तर माणसांनी जाळी कधी टाकायची आणि भात कधी रांधायचा? म्हणून त्याने प्रत्येक नागरिकाचं एक गणिती प्रतिरूप केलं. नव्या नागरिकांच्या वर्गात मी पेचाचा एकेक प्रसंग सांगते आणि प्रत्येक जण उत्तर देतो. त्या उत्तरातले शब्द, उत्तराआधीचं थांबणं, आवाजाचा चढउतार, माणूस कशावर अडखळला आणि कशावर तडकाफडकी बोलला, हे सगळं यंत्र टिपतं. एकेकाची अशी शेकडो उत्तरं जमली की, जो प्रसंग त्याने कधी ऐकलाच नाही त्यातही तो काय म्हणेल, याचा अंदाज यंत्राला बांधता येतो. घरातल्या माणसाच्या चहात किती साखर घालायची ते आपण त्याला न विचारताच ठरवतो, तसंच हे. फक्त इथे साखरेच्या जागी कायदे आहेत.

लोक त्या प्रतिरूपाला सावली म्हणू लागले. दिवसभरात जे काही ठरवायचं असेल ते यंत्रापुढे ठेवायचं, दीडशे माणसांच्या दीडशे सावल्या एका क्षणात मत देतात आणि निकाल चौकातल्या पडद्यावर येतो. सुरुवातीला विहानने ताळाही घेतला होता. खऱ्या माणसांना माझ्या वर्गात बसवून तेच प्रश्न विचारले, आणि माणसाचं आणि सावलीचं मत जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि होड्या घेऊन कामाला गेले. त्यानंतर हाताने मत दिल्याचं कोणाला आठवत नाही.

मला सावली नाही. अभ्यासक्रम मी आखला, वर्ग मी घेतले, पण विद्यार्थी म्हणून मी त्यात बसले नाही. त्यामुळे माझं प्रतिरूप झालं नाही आणि मला मतही नाही. विहान अधूनमधून म्हणायचा, बाई, तुमचीही करून टाकू. मी नको म्हणायचे. यंत्राच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हातात आहेत आणि तो माणूस दरवेळी हसतो, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. पडद्यावर निकाल झळकला की सगळे पडद्याकडे बघायचे, मी विहानच्या तोंडाकडे बघायचे.

तर, मी नव्या तुकडीसाठी पाण्याचे प्रसंग लिहायला घेतले होते. दुसऱ्या एका बुडालेल्या गावातली चाळीस माणसं येणार होती, त्यात बरीच मुलं. मुलांची नावं मला आधीच कळली होती, आणि मी प्रसंगांमध्ये तीच नावं घालत होते, म्हणजे त्यांना वर्ग आपला वाटेल. एका सकाळी मी चौकातून चालले होते तर पडद्यासमोर माणसं उभी होती. मी वाचलं.

नव्या तुकडीला पाणी पुरावं म्हणून डायलिसिसचं यंत्र बंद करावं, आणि नवे नागरिक ज्या नावेने येतील त्याच नावेने रुपेश खवणेकर यांना किनाऱ्यावर पाठवावं. बाजूने सर्व. विरोधात कोणी नाही.

रुपेश माझा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, मी लग्न केलं नाही, त्याची बायको शहरात गेली ती परत आली नाही. आम्ही दोघंच एकमेकांना. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला बराच काळ झाला. आठवड्यातून तीनदा तो यंत्राला जोडून घेतो आणि यंत्र त्याचं रक्त धुऊन देतं. त्या एका धुण्याला एका माणसाच्या महिन्याभराच्या पिण्याच्या पाण्याहून जास्त शुद्ध पाणी लागतं, हे इथे पोराटोरांनाही माहीत आहे. किनाऱ्यावर तो जगला असता का? आम्ही आपलं जुनं नागरिकत्व सोडून आलेली माणसं. तिथे त्याला परदेशी म्हणून रांगेच्या शेवटी उभं केलं असतं, आणि त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. हा ठराव त्याला मारण्याचाच होता.

आणि बाजूने सर्व म्हणजे अक्षरशः सर्व. त्यात रुपेशची स्वतःची सावलीही होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःला मरायला पाठवा असं मत कोण देतो? इथेच चोर सापडला, असं मला वाटलं. विहानने घाई केली होती. एखादं विरोधी मत खोटं-खोटं का होईना, ठेवायला हवं होतं.

मी आधी माणसांकडे गेले. जेवणघर सांभाळणारी सेजल तारी हिच्यापासून सुरुवात केली. तिच्या कडेवर तिचं बाळ होतं आणि चुलीवर रुपेशसाठी वेगळी अळणी पेज. त्याला मीठ चालत नाही म्हणून ती रोज न विसरता ती पेज करते. निकाल ऐकून तिला रडू फुटलं. आपण असं मत कसं देऊ, असं तिने मला तीनतीनदा विचारलं, जणू मीच तिला सांगणार होते. मग मी होडीवाल्यांकडे गेले, गाळणी यंत्रावरच्या माणसांकडे गेले, भाजीच्या वाफ्यांवर गेले. सगळीकडे तेच. रुपेश आपला माणूस, आपण कशाला त्याला घालवू, असं प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितलं. मग मतं दिली कोणी, असं विचारलं की सगळे यंत्राच्या खोलीकडे बघायचे. माझा संशय आता एकटीचा राहिला नव्हता, याचं मला बरं वाटलं.

रुपेश तेवढा शांत होता. तो जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. मी तावातावाने सगळं सांगितलं तर म्हणाला, जाऊंदे गो बाय, आणि सुईत नवा दोरा ओवायला लागला. त्याच्या हातावरची सुयांच्या खुणांनी सुजलेली शीर मला दिसत होती. मला त्याचाही राग आला.

विहानला मी यंत्राच्या खोलीतच गाठलं. सगळं बोलून घेतलं. तू मतं फिरवलीस, नव्या लोकांना आणून देश मोठा करायचा तुला सोस आहे, आणि त्यासाठी माझ्या भावाचा बळी देतो आहेस, असं स्पष्ट म्हटलं. तो ऐकून घेत होता. तो चिडला नाही. शेवटी म्हणाला, यंत्र तुमच्यासमोर उघडतो, कोणाचीही सावली विचारा, काय हवं ते विचारा.

मी सेजलची सावली मागितली. रुपेशला पाठवावं का, असं विचारलं. सेजलच्याच आवाजात उत्तर आलं की, एकाच्या गरजेमुळे अनेकांना त्रास होत असेल तर चांगल्या नागरिकाने अनेकांचा विचार करावा. आवाज हुबेहूब होता, वाक्यं मात्र सेजलच्या तोंडची वाटेनात. मला एक गोष्ट सुचली. सेजलने खोलीबाहेर एका डब्यात मोगरा लावला आहे. त्याला ती रोज पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी घालते. नियमाविरुद्ध आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी काही बोलत नाही, कारण संध्याकाळी वास सगळ्यांनाच येतो. मी सावलीला विचारलं, सेजल, मोगऱ्याला पाणी घालतेस का गं? सावली म्हणाली, पिण्याचं पाणी झाडांना घालणं जबाबदार नागरिकाला शोभत नाही.

विहानने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मोगऱ्याचं त्यालाही माहीत होतं.

ही सेजल नाही, असं मी म्हटलं. विहानने वर्गातली जुनी चित्रफीत लावली. सेजल बाकावर बसली आहे, मी प्रसंग सांगते आहे. मी थांबते. सेजल उत्तर देण्याआधी मान वर करून बघते, आणि ती कुठे बघते ते कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन शब्द बोलते, बघते. माझी मान जराशी हलते. मग तिचं वाक्य धडाधड पुढे जातं. विहानने दुसऱ्या माणसाची चित्रफीत लावली, तिसऱ्याची लावली. म्हातारे मच्छीमार, बाळंतिणी, गाळणी यंत्रावरचा आडदांड गडी, सगळे तसेच. पहिल्या तुकडीत स्वतः विहान बसला होता. तोसुद्धा माझ्याकडेच बघत होता.

विहानने यंत्राला एक साधा हिशेब करायला लावला. माणसाचं पुढचं उत्तर काय येईल हे सांगायला त्याला सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला? शब्दांचा नाही, आवाजाचा नाही, त्या माणसाच्या आयुष्याचा तर नाहीच. सर्वांत जास्त उपयोग माझ्या मानेचा झाला होता. यंत्राला कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्याला नेमका अंदाज हवा होता, आणि अंदाजासाठी जे सर्वांत खात्रीचं, ते त्याने उचललं.

मला उलगडा झाला. आमची सगळी माणसं मराठी शाळेत शिकलेली. बाई उभ्या राहून प्रश्न विचारतात म्हणजे त्यांना एक उत्तर हवं असतं, आणि ते उत्तर बाईंच्या तोंडावर शोधायचं असतं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. मार्क काढून टाकले म्हणून ती सवय कुठे जाते? ताळा घेतला तोही माझ्याच वर्गात, माझ्याच समोर. तो जुळणारच होता.

विहान हळू आवाजात म्हणाला, “बाई, या दीडशे सावल्या नाहीत. ही एकच आहे, दीडशे वेळा.”

कोणाची ते त्याने सांगितलं नाही. जिला मत नव्हतं तिनेच इतके दिवस सगळी मतं दिली होती. मी म्हटलं, यंत्राने माझं पुस्तक उचललंय, मला नाही. पुस्तक वेगळं आणि मी वेगळी. माझ्या भावाला घालवा असं मी जन्मात म्हणणार नाही. विहानने यावर नुसती चित्रफीत पुन्हा लावली. ते मला अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन मी रुपेशला विचारलं की, वर्गात तू तसलं उत्तर का दिलंस, तुझी सावलीसुद्धा तुझ्या विरोधात गेली. तो हसला.

“तू समोर उभी होतंस,” तो म्हणाला. “तुका होया होता ता सांगलंय.”

ठराव मागे घ्यायचा एकच मार्ग होता, खऱ्या माणसांनी खरं मत देणं. विहान लगेच तयार झाला, आणि तो इतक्या लगेच तयार झाला याचाही मला संशय आला, हे कबूल करते. नाव यायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवणघरात जमले. लांब टेबलांवर माणसं दाटीवाटीने बसली. विहानने उभं राहून परिस्थिती सांगितली, काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. रुपेश राहिला तर प्रत्येकाचं पाणी जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होईल, नव्या मुलांचंही. गाळणीचं आणखी एक यंत्र मिळालं तर ठीक, पण ते कधी मिळेल ते सांगता येत नाही. रुपेश गेला तर पाणी पुरेल. एवढं सांगून तो खाली बसला.

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, तर माना खिडकीकडे वळल्या. मी भिंतीकडे तोंड केलं, तर माझ्या पाठीवरून काही कळतं का ते लोक बघायला लागले. शेवटी सेजलने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

“बाई, नेमका काय म्हणाचा ता तुमी सांगा. तसा सांगतो आमी.”

मला त्या क्षणी खरंच हो म्हणावंसं वाटलं. एकदा मान हलवायची, बस. रुपेश वाचला असता आणि सगळे खुशीत घरी गेले असते. पण मग विहानचं यंत्र काय वाईट होतं? मी तीस वर्षं वर्गात मॉनिटरची निवडणूक घेत आले होते. तिथे मुलं एकमेकांची तोंडं बघून हात वर करतात, म्हणून एक रीत असते: सगळ्यांनी बाकावर मान खाली घालायची, डोळे मिटायचे, मग नाव पुकारलं की हात वर करायचा. तेच करायचं, असं मी जाहीर केलं. म्हातारी माणसंसुद्धा हसली, आणि हसत हसत हातांची घडी टेबलावर टेकवायला लागली.

मग प्रश्न आला मोजायचं कोणी. शाळेत बाई मोजतात. पण मी मोजणार म्हणजे मी बघणार, आणि मी बघणार म्हणजे पुन्हा तेच. विहानवर आता लोकांचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण मीच होते. कोणाचंच नाव ठरेना. तेवढ्यात मागच्या टेबलावरून रुपेश उठला.

“मोजतंय मियां,” तो म्हणाला. “प्रश्न माझो आसा, मगे हात दुसऱ्यान कित्याक मोजूचे?”

ज्याचा फैसला व्हायचा आहे त्यानेच न्यायाधीश व्हायचं नसतं, हा माझ्या पुस्तकातला आणखी एक धडा. मी तो म्हणून दाखवणार होते, पण लोकांनी माना खाली घालायला सुरुवातही केली होती. त्यांना ते पटलं होतं. मी एका बाकाच्या टोकाला जागा करून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा इतरांबरोबर मान खाली घातली. टेबलाच्या लाकडाला माशाचा आणि साबणाचा वास येत होता. डोळे हाताच्या घडीत गेले आणि अंधार झाला.

विहानने, स्वतःही मान खाली घालूनच, विचारलं की, रुपेश इथेच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा.

आजूबाजूला कपड्यांची सळसळ झाली. कोणाचं तरी कोपर माझ्या खांद्याला लागून वर गेलं. मी कानांनी मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की माझा हात टेबलावरच आहे. मी त्याला वर जायला सांगत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर रुपेश येईना. उद्या नावेतून उतरणारी मुलं येत होती, जी मी अजून पाहिलीही नव्हती, पण ज्यांची नावं मी माझ्या प्रसंगांत घातली होती. आणि ते सार्वजनिक हिताचं वाक्य येत होतं. ते माझं पाठ केलेलं नव्हतं, तीस वर्षं मी ते खरोखर मानत आले होते. माझा भावावर जीव आहे, यात कोणी शंका घेऊ नये. हात तरीही जागचा हलला नाही. मला सगळ्या वेळात एवढंच वाटत होतं की, आता पुरे, आता मोजणं थांबव.

“डोळे उघडा,” रुपेश म्हणाला. “रवतंय मियां.”

तो राहणार होता. टाळ्या झाल्या. सेजल मोठ्याने रडली. म्हाताऱ्यांनी रुपेशच्या पाठीवर थापा मारल्या. किती हात वर होते, हे कोणी विचारलं नाही. मी, जी वाफ्यावरून आणलेली मिरचीसुद्धा दोनदा निवडून घेते, तीही काही बोलले नाही.

नाव आली, चाळीस माणसं उतरली आणि नाव रिकामी परत गेली. पाणी कमी झालं. सेजलचा मोगरा सुकला. विहानने सावल्या पुसल्या नाहीत. जाळी कुठे टाकायची ते अजून त्याच ठरवतात. माणसांबद्दलचे ठराव मात्र आता जेवणघरात होतात. आणि त्या दुपारपासून सगळे रुपेशशी पूर्वीपेक्षा जरा जास्तच गोड वागतात. माझ्यासारख्या बाईला याचाही संशय येतो, पण मी कोणाला काही विचारायला गेले नाही.

अभ्यासक्रम मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आहे. रुपेश यंत्राला जोडलेला असतो तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून लिहिते. पहिल्या धड्यात पेच नाही, उत्तर नाही. नवीन माणसांनी फक्त मान खाली घालून हात वर करायला शिकायचं, आणि मोजायचं ज्याचा प्रश्न असेल त्याने. बाईंनी वर्गात उभं राहायचं नाही, असंही मी लिहिलं आहे.

परवा लिहिता लिहिता माझ्याने राहवलं नाही. खरं सांग, किती हात होते, असं मी रुपेशला विचारलं. नळीतून त्याचं रक्त यंत्रात जात होतं आणि धुऊन परत येत होतं. तो छताकडे बघत होता.

“सगळ्यांचे वर होते गो बाय,” तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, “तुझो पण.”

मी मान खाली घातली आणि तशीच बसून राहिले.